घरच्या चार फोनांतले फोटो एका जुन्या लॅपटॉपवर आणताना

आईच्या फोनवर जागा संपल्याचा निरोप रोज येऊ लागला तेव्हा तिने फोटो पुसायला घेतले. आधी शुभ सकाळची फुलं गेली, मग लग्नांचे लांबलचक व्हिडिओ, आणि एका दुपारी ती आजीचे शेवटच्या वर्षातले फोटो "हे जरा हललेत" म्हणत निवडत बसली होती. तिथेच मी तिला थांबवलं. गूगल प्रत्येक खात्याला १५ जीबी जागा फुकट देतं, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. १ जून २०२१ च्या आधी 'हाय क्वालिटी'त (म्हणजे थोडे लहान करून) चढवलेले फोटो या हिशेबात धरले जात नव्हते. त्या तारखेपासून चढवलेले सगळे धरले जातात. आमच्या घरात चार फोन, चार खाती, आणि चारही काठोकाठ.

पैसे भरून जागा वाढवणं हा सरळ मार्ग आहे. कुणी विचारलं तर पहिला सल्ला मी आजही तोच देते. पण मला दोन गोष्टी हव्या होत्या. चारही फोनांतले आणि अल्बममधले जुने फोटो एका जागी, घरात असावेत. आणि मी घरी नसले, आजारी पडले, काहीही झालं, तरी आईबाबांना किंवा ताईला ते माझ्याशिवाय उघडता यावेत. पहिली गोष्ट यंत्राची होती आणि ती लवकर जमली. सगळं डोकं खर्ची पडलं ते दुसरीवर.

यंत्र घरातच होतं, २०१७ चा थिंकपॅड टी४७०. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि यातला सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, म्हणून तो कपाटात पडून होता. असे धडधाकट लॅपटॉप सध्या घरोघरी आहेत. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरचा विचार केला होता. पण पायला वेगळं पॉवर सप्लाय, वेगळी पेटी, वेगळी डिस्क लागते आणि लाइट गेली की तो तिथल्या तिथे बंद. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. साताऱ्यात पावसाळ्यात लाइट कशी ये-जा करते हे माहीत असलेल्याला ही एक गोष्ट पुरेशी आहे.

रॅम ८ जीबीची १६ केली, आतली ड्राइव्ह काढून २ टीबीची एसएसडी घातली, विंडोजऐवजी डेबियन १३ ही लिनक्स प्रणाली चढवली. झाकण मिटलं तरी मशीन झोपू नये, याची सेटिंग एका ओळीची आहे. बॅटरीची गोष्ट मात्र थोडं थांबून सांगते. वर्षानुवर्षं चार्जरला लावून ठेवलेला लॅपटॉप शंभर टक्क्यांवर आणि गरम राहतो, आणि लिथियमच्या बॅटरीला याच दोन गोष्टी सोसत नाहीत; ती फुगते. थिंकपॅडमध्ये टीएलपी नावाच्या प्रोग्रॅमने चार्जिंगची मर्यादा ठरवता येते. मी ती ८० टक्क्यांवर ठेवली. ज्या लॅपटॉपला ही सोय नाही तो चोवीस तास प्लगला लावून घरात ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मशीन माळ्यावरही ठेवू नये. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली काय तापतं ते हात लावून बघावं. आमचं मशीन हॉलमध्ये राउटरशेजारी, भिंतीपासून चार बोटं पुढे, फळीवर उभं आहे.

विजेचा प्रश्न बाबांचा होता. "चोवीस तास चालणार म्हणजे बिल किती?" मोजणाऱ्या प्लगवर बघितलं तर पडदा बंद असताना १० वॅटच्या आसपास. म्हणजे महिन्याला ७ युनिटच्या थोडं वर. युनिटला दहा रुपये धरले तरी पाऊणशेच्या आत. बाबांनी तो आकडा कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला आणि पुढच्या बिलाशी ताडून बघितला.

फोटोंसाठी इमिच हा प्रोग्रॅम निवडला. तो लॅपटॉपवर चालतो आणि लॅपटॉप घरचा सर्व्हर होतो, म्हणजे फोन त्याच्याकडे फोटो पाठवतात आणि त्याच्याकडूनच बघतात. २०२२ पासून चाललेला मुक्त स्रोत प्रकल्प आहे. फोनवरचं ॲप गूगल फोटोजसारखंच दिसतं, त्यामुळे आईला नव्याने काही शिकवावं लागणार नव्हतं. बरीच वर्षं त्यांच्याच पानावर इशारा असायचा की काम वेगाने चालू आहे, नव्या आवृत्तीत मोडतोड होऊ शकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये २.० ही पहिली स्थिर आवृत्ती आली. आईचे फोटो त्यावर टाकायला मी त्या आवृत्तीची वाट बघत होते. डॉकरने (प्रोग्रॅम तयार पेटीसारखा चालवणाऱ्या साधनाने) उभं करायला फार वेळ लागत नाही, ते सगळीकडे लिहिलेलं आहे.

एक सेटिंग मात्र पहिला फोटो टाकायच्या आधी बदलावी. इमिच मुळात फोटो लांबलचक यांत्रिक नावांच्या फोल्डरांत साठवतं. ॲप चालू आहे तोवर काही बिघडत नाही. ॲपच नसेल तर त्या ढिगातून ताईचं लग्न शोधणं अशक्य. 'स्टोरेज टेम्प्लेट' चालू केलं की तेच फोटो वर्ष, मग तारीख, मग मूळ नाव अशा फोल्डरांत बसतात. उद्या इमिच बंद पडलं, मी नसले, तरी डिस्क कुठल्याही कॉम्प्युटरला लावून २०१४ उघडलं की २०१४ चे फोटो समोर.

गूगलकडून फोटो परत मागवणं हा सगळ्यात वेळखाऊ भाग. 'टेकआउट' या गूगलच्याच सोयीतून मागणी केली की ते झिपच्या तुकड्यांत देतात, आणि उतरवायला साधारण आठवडाभर मुदत असते. ५० जीबीचे मोठे तुकडे मागायचा मोह होतो, पण डाउनलोड मध्येच तुटलं तर सगळं पहिल्यापासून. आमच्या लाइनवर १० जीबीचे तुकडे बरे पडले. आत उघडून बघितलं की माणूस गोंधळतो: प्रत्येक फोटोशेजारी त्याच नावाची छोटी जेसन फाइल (माहितीची साधी मजकूर-फाइल) असते, आणि फोटो कधी, कुठे काढला हे बऱ्याचदा त्यात असतं. नुसते फोटो उचलून टाकले तर ज्यांच्या पोटात तारीख नाही ते सगळे आजच्या तारखेला येऊन बसतात. 'इमिच-गो' नावाचं छोटं साधन झिप न उलगडताच वाचतं आणि फोटो व जेसनची जोडी जुळवून चढवतं. एक गोष्ट इथे माहीत असलेली बरी. 'हाय क्वालिटी'त चढवलेले फोटो गूगलने १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ १०८० पीपर्यंत आणलेले असतात. परत येतात ते तसेच. मूळ फाइल जुन्या मेमरी कार्डात असेल तर कार्ड फेकू नका.

मग व्हॉट्सॲपचे फोटो. व्हॉट्सॲप फोटोच्या पोटातली तारीख आणि जागा काढून टाकतं. उरते ती नावातली तारीख, आणि तीही फोटो आल्याची, काढल्याची नव्हे. आमच्या घरातले निम्मे प्रसंग इतरांच्या फोनवरून आलेले. एक्झिफटूल नावाच्या प्रोग्रॅमला सांगता येतं की फाइलच्या नावातले आठ आकडे घे आणि तीच तारीख आत लिही. बारसं रविवारी झालं आणि फोटो सोमवारी आले तर एका दिवसाचा फरक पडतो, तेवढा चालतो. सोळा वर्षांचे प्रसंग एकाच दिवशी गोळा झालेले चालत नाहीत.

अल्बममधल्या जुन्या फोटोंना मात्र कुठलंच साधन लागू पडत नाही. मी स्कॅन केले त्या दिवसाचीच तारीख त्यांना पडली होती. तेव्हा आई माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसली. ती फोटो बघायची आधी साडीकडे. "ही अंजिरी इरकल मी तुझ्या मुंजाबाच्या नवसाला गेले तेव्हा नेसले होते, म्हणजे तू दीड वर्षाची." मग मागच्या भिंतीकडे: "खिडकीला अजून गज नाहीत. गज आपण चोरी झाली तेव्हा बसवले, म्हणजे त्याच्या आधीचा." एका फोटोत बाबांच्या हातात नुसता स्कूटरचा आरसा दिसत होता आणि तेवढ्यावरून दोघांनी वर्ष काढलं, कारण स्कूटर भाऊबीजेला घेतली होती आणि पाडव्याला विकली होती. इमिचमध्ये अनेक फोटो एकदम निवडून तारीख बदलता येते. मी फक्त आकडे भरत होते. या संध्याकाळी नसत्या झाल्या तर ती वर्षं आईबरोबरच राहिली असती. सर्व्हर उभारायचा असो नसो, ज्यांच्या घरात असे अल्बम आणि ते ओळखणारी माणसं दोन्ही आहेत त्यांनी हे काम सगळ्यात आधी करावं, असं मला मनापासून वाटतं.

चेहरे ओळखण्याचं काम मशीन स्वतः करतं, घरातल्या घरात. फोटो बाहेर कुठे जात नाहीत. त्याने आईचे विशीतले फोटो आणि ताईचे आत्ताचे फोटो एकाच माणसाच्या नावाखाली घातले. ताईला ते इतकं आवडलं की ते वेगळे करायला ती काही दिवस तयार नव्हती. शोधाचं म्हणाल तर फोटोत काय आहे हे ओळखणाऱ्या मूळ मॉडेलला इंग्रजीच कळते. बाबा 'बैल' टाइप करणार, 'ऑक्स' नाही. सेटिंग्जमध्ये अनेक भाषा समजणारं मॉडेल निवडता येतं, त्यात मराठी समजणारीही आहेत. ती जास्त रॅम खातात, आणि बदलल्यावर सगळे फोटो नव्याने वाचून घ्यावे लागतात. आमच्या मशीनला ते रात्रभर पुरलं. पण आता 'बैल' म्हटलं की चुलत्यांच्या शेतावरची जोडी येते, 'पाऊस' म्हटलं की ठोसेघर येतं. 'गुढी' म्हटलं की गुढ्यांबरोबर यात्रेतल्या पताकाही येतात. बाबांची त्याला हरकत नाही.

घरात सगळं चाललं. घराबाहेर पडलं की बंद. ताई पुण्यात, तिच्या फोनमधले फोटो इकडे यायचे तर बाहेरून सर्व्हर सापडायला हवा. हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की नीट सांगते.

राउटरच्या सेटिंगच्या पानावर 'वॅन आयपी' म्हणून एक पत्ता दिसतो. ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' असं शोधलं की आणखी एक दिसतो. दोन्ही एकच असतील तर तुमच्या घराला इंटरनेटवर स्वतःचा पत्ता आहे. आमचे वेगळे निघाले, आणि राउटरवरचा १००.७२ ने सुरू होणारा होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ मध्ये नेमक्या याच परिस्थितीसाठी राखून ठेवलेला आहे. आयपीव्ही४ या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत मुळात सुमारे ४२९ कोटी पत्ते, त्यातले शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. मग इंटरनेट देणारी कंपनी एकाच खऱ्या पत्त्यामागे अनेक घरं बसवते. याला सीजीनॅट म्हणतात. वाड्यात एकच फोन असावा तसं हे आहे: आतून कुणीही बाहेर लावावा, पण बाहेरून आलेला फोन कुठल्या खोलीत द्यायचा हे कुणाला ठाऊक नसतं. म्हणून राउटरवर कितीही पोर्ट (बाहेरून आत यायची दारं) उघडा, डायनॅमिक डीएनएस (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव) लावा, बाहेरची विनंती तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. हे आधी तपासलं की पुढचे रविवार वाचतात.

महिन्याला जादा पैसे देऊन स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा न बदलणारा पत्ता, घेता येतो. आयपीव्ही६, म्हणजे भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत, हा खरा उपाय, पण आमच्या जोडणीवर तो नव्हता. क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या 'टनेल'मधून, म्हणजे तिच्या मशीनमार्गे, काम होतं, पण फुकट योजनेत एका वेळी १०० एमबीपेक्षा मोठी फाइल चढत नाही, आणि नातवाच्या नाचाचा एक व्हिडिओ त्याहून मोठा असतो. मी टेलस्केल घेतलं, आपल्याच उपकरणांचं खासगी जाळं बांधणारं साधन. ते वायरगार्ड या कुलूपबंद जोडणीच्या पद्धतीवर चालतं, जे २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. सर्व्हर आणि फोन दोघेही आतून बाहेर संपर्क करतात आणि मग थेट एकमेकांशी जोडले जातात. थेट जमलं नाही तर मधल्या रिलेमार्फत, पण मजकूर कुलूपबंदच असतो. टेलस्केल प्रत्येक उपकरणाला जो पत्ता देतं तोही त्याच १०० च्या पट्ट्यातला असतो. राउटरवरचा आणि हा दिसायला सारखे असले तरी त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. स्टॅटिक आयपी मिळाला असता तरीही मी हेच केलं असतं. घरच्या फोटोंचं दार साऱ्या जगाला दिसावं, असं मला वाटत नाही.

आईच्या फोनसाठी इमिचच्या ॲपमध्ये दोन पत्ते भरले: घरच्या वायफायवर असताना थेट घरातला, बाहेर गेली की टेलस्केलचा. बदल आपोआप होतो. तिला यातलं काही सांगावं लागलं नाही आणि तेच मला हवं होतं.

लाइटचा बंदोबस्त राहिला होता. लॅपटॉपला बॅटरी आहे, घराला इन्व्हर्टर आहे, तरी लाइट गेली की राउटर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा आणि पाच मिनिटं सगळं ठप्प. कारण इन्व्हर्टरच्या पाठीमागे सापडलं. तिथे एक छोटा खटका असतो, नॉर्मल आणि यूपीएस असा. नॉर्मलवर इन्व्हर्टर बदल करायला जरा जास्त वेळ घेतो. पंख्याला ते कळत नाही, राउटरला कळतं. यूपीएसवर केला आणि राउटर टिकला. मात्र त्या खटक्यावर इन्व्हर्टर व्होल्टेजच्या बाबतीत काटेकोर होतो, थोडं खालीवर झालं की बॅटरीवर जातो. ज्यांच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं त्यांनी राउटरसाठी वेगळा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्यावा. गल्लीतल्या पेटीची वीज गेली तर नेट जाणारच. तरी घरातल्या घरात फोटो दिसत राहतात.

आता दुसरी गोष्ट, माझ्याशिवाय उघडण्याची. इमिचवालेच बजावून सांगतात की फोटोंची एकमेव प्रत इथे ठेवू नका. मी बाहेरच्या दोन हार्डडिस्क घेतल्या. एक सर्व्हरला, एक ताईकडे पुण्यात, आणि येण्याजाण्यात अदलाबदल. कुलूपबंद बॅकअप करणारी चांगली साधनं आहेत, रेस्टिक त्यातलं एक. पण तिथे पासवर्ड गेला की सगळं गेलं. मी साधी नक्कल ठेवली, डिस्क एक्सफॅट पद्धतीची, म्हणजे विंडोजलाही मॅकलाही उघडते. डिस्क चोरीला गेली तर चोराला आमची लग्नं दिसतील. आमच्याकडे कुणालाच फोटो न दिसण्याचा धोका त्याहून मोठा आहे. इमिच रोज रात्री दोन वाजता आपल्या डेटाबेसची प्रत काढून ठेवतं, शेवटच्या १४ ठेवतं. नावं, चेहरे, आईने सांगितलेल्या तारखा त्यात असतात, म्हणून फोटोंबरोबर तीही डिस्कवर जाते.

आणि एक कागद लिहिला. मराठीत, हाताने, दोन्ही बाजूंनी. मशीन कुठे आहे, बंद कसं करायचं, डिस्क कुठल्या तारेने कॉम्प्युटरला लावायची, फोल्डरांची नावं कशी वाचायची. पासवर्ड वेगळ्या पाकिटात, एलआयसीच्या फायलीत, कारण ती फाइल कुठे आहे हे घरात प्रत्येकाला माहीत आहे.

ताई आणि भावोजींना सांगितलं, मला फोन न करता कागदावरून करून बघा. ताईने डिस्क आपल्या लॅपटॉपला लावली आणि पाच मिनिटांत स्वतःच्या लग्नाचे फोटो काढले. भावोजींनी पुढची पायरी केली, दुसऱ्या जुन्या लॅपटॉपवर सगळा सर्व्हर नव्याने उभा करण्याची. ते अडले दोन ठिकाणी. डेटाबेस आधी भरायचा आणि इमिच नंतर सुरू करायचं, हा क्रम कागदावर ठळक नव्हता. आणि डेटाबेसची प्रत ज्या आवृत्तीतली, तीच आवृत्ती आधी चढवावी लागते, तिचा आकडा हवा होता. त्यांनी अडल्या जागी पेन्सिलने खुणा केल्या. मी तो कागद पुन्हा लिहिला; आवृत्तीच्या आकड्यासाठी चौकट ठेवली आहे आणि अपडेट केलं की बाबा तिथे नवा आकडा आणि तारीख लिहितात.

गूगलची खाती अजून बंद केलेली नाहीत, वर्षभर करणारही नाही. आईच्या फोनवरचा निरोप थांबलाय. कऱ्हाडच्या काकांनी त्यांच्या पेटीतले तीन अल्बम पाठवलेत; काकू पुढच्या महिन्यात राहायला येणार आहेत, तोवर मी ते ६०० डीपीआयला स्कॅन करून ठेवतेय, म्हणजे त्या आल्या की तारखांना बसता येईल.